एका वैमानिकामागचा हिशेब: पैसा कुठे जातो आणि पोरं कुठे गळतात

"सर, एका पोट्ट्याच्या मागं सरकार इतका पैसा काहून लावते? अन् त्यातले कितीक तर अर्ध्यातूनच वापस येतात म्हणतात."

फुटाळ्याच्या काठावर चहा घेता घेता एका विद्यार्थ्याच्या वडिलांनी मला हे विचारलं. मुलगा बारावीला आहे, माझ्याकडे एनडीएच्या, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या प्रवेश परीक्षेच्या, गणितासाठी येतो. तलावाला लागूनच वायुसेनानगर. हवाई दलाच्या मेंटेनन्स कमांडचं मुख्यालय तिथे आहे, त्यामुळे निळा गणवेश नागपूरकरांना नवा नाही. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये सूर्यकिरण या हवाई कसरतींच्या पथकाची हॉक विमानं इथल्या आभाळात फिरली, तेव्हा आमच्या भागातली अर्धी पोरं गच्चीवर होती. त्यांतली बरीच दुसऱ्या दिवसापासून "मला पायलट व्हायचंय" म्हणू लागली. या मुलाचंही तेव्हापासूनच सुरू झालं.

वडिलांनी एका दमात दोन प्रश्न विचारले होते, एक खर्चाचा आणि एक गळतीचा. हे दोन हिशेब एकमेकांत इतके गुंतलेले आहेत की एक सोडून दुसरा मांडता येत नाही. त्या संध्याकाळी मी त्यांना जे सांगितलं, तेच इथे जरा नीट बसून लिहितो.

टक्का कशाचा?

आधी यशाचं प्रमाण घेऊ, कारण सगळ्यात जास्त फसवणूक याच शब्दात होते. एका क्लासच्या फलकावर मी "९० टक्के निकाल" वाचलं होतं. नव्वद टक्के कशाचे? अर्ज करणाऱ्यांचे, परीक्षेला बसणाऱ्यांचे, लेखी पास होणाऱ्यांचे की मुलाखतीला जाणाऱ्यांचे? भागाकारात खाली कोणती संख्या आहे हे कळल्याशिवाय टक्क्याला अर्थ नसतो.

खरी संख्या बघा. नोव्हेंबर २०२१ ची एनडीएची परीक्षा मुलींसाठी पहिल्यांदाच खुली झाली होती. त्या वेळी ५,७५,८५६ अर्ज आले, त्यांत १,७७,६५४ मुलींचे होते. लेखी परीक्षेतून ८,००९ उमेदवार पुढे गेले. जागा तिन्ही दलं मिळून ४००. त्यांतल्या हवाई दलाच्या १२०, आणि या १२० मधून जमिनीवरच्या शाखांच्या २८ वजा केल्या की उड्डाणासाठी उरतात ९२.

म्हणजे अर्ज खाली धरले तर साधारण १,४४० मागे एक जागा. लेखी पास झालेले खाली धरले तर २० मागे एक. परीक्षा तीच, जागा त्याच, आणि एक आकडा दुसऱ्याच्या ७२ पट. पालक पहिला आकडा ऐकून घाबरतात आणि क्लासवाले सोयीचा आकडा छापतात. माझं मत विचाराल तर दोन्ही आकडे मुलाच्या फार कामाचे नाहीत. पाच लाखांतले पुष्कळ जण नुसता अर्ज भरून मोकळे होतात. मुलाने एवढंच बघावं की चाळणी कितव्या पायरीला लागते आणि तिथे नेमकं काय तपासतात.

स्वस्त चाळणी आणि महाग चाळणी

लेखी परीक्षा ही सगळ्यात स्वस्त चाळणी. एक प्रश्नपत्रिका, एक बाक, एक दिवस. त्यानंतर सिलेक्शन बोर्डाची पाच दिवसांची परीक्षा. हवाई दलाची मंडळं डेहराडून, म्हैसूर, गांधीनगर, वाराणसी अशा ठिकाणी आहेत. पहिल्याच दिवशी बुद्धिमत्ता चाचणी होते, एक चित्र दाखवून त्यावर गोष्ट लिहायला आणि गटात चर्चा करायला सांगतात, आणि बरीच मुलं त्याच दुपारी परतीच्या गाडीत बसतात. उरलेल्यांच्या मानसशास्त्रीय चाचण्या, मैदानावरची गटाची कामं आणि मुलाखत होते. शेवटच्या दिवशी सगळ्या परीक्षकांसमोर बसावं लागतं.

ज्याला उडायचंय त्याच्यासाठी याहून वेगळी एक चाचणी आहे. तिला सीपीएसएस म्हणतात. संगणकासमोर बसायचं, हातात स्टिक, पायाखाली पेडल, समोर हलणारी खूण, कानावर सूचना. एकाच वेळी तीन-चार गोष्टी सांभाळता येतात का, हे ती तपासते. ही चाचणी आयुष्यात एकदाच देता येते. नापास झालात तर वैमानिकाचं दार कायमचं बंद, मात्र जमिनीवरच्या शाखांचं दार उघडं राहतं. पालकांना हा नियम फार कठोर वाटतो. "दहावीचा पेपर परत देता येतो, मग हा का नाही?" असं मला दर वर्षी कोणीतरी विचारतंच.

याचं उत्तर दुसऱ्या महायुद्धात मिळतं. अमेरिकेच्या लष्करी हवाई दलाला तेव्हा लाखोंनी मुलं घ्यायची होती. १९३९ ते १९४५ या काळात १,९३,४४० वैमानिक तिथे तयार झाले, आणि सुमारे १,२४,००० मुलं प्रशिक्षणातून मध्येच बाहेर पडली. पाचांतली दोन. इतकी मुलं विमानात बसवून मग घरी पाठवणं परवडणारं नव्हतं, म्हणून त्यांच्या मानसशास्त्रज्ञांनी चाचण्यांच्या गुणांवरून प्रत्येकाला १ ते ९ अशी श्रेणी द्यायला सुरुवात केली. मग प्राथमिक उड्डाणात कोण गळतंय ते तपासलं. ९ श्रेणीची मुलं गळण्याचं प्रमाण होतं ४ टक्के. १ श्रेणीच्या मुलांचं ७७ टक्के.

गणिताचा शिक्षक म्हणून मला या दोन आकड्यांचं फार मोल वाटतं. चाचणी देणारा मुलगा अजून विमानात बसलेलाही नाही, आणि तरीही कोण टिकेल याचा इतका स्पष्ट अंदाज येतो. अंदाज चुकूही शकतो, शंभरातली २३ मुलं सगळ्यात खालच्या श्रेणीतूनही तरली होतीच. त्या २३ मुलांवर ही चाळणी अन्याय करते, हे मान्य केलंच पाहिजे. पण उरलेल्या ७७ जणांचं वय, मेहनत आणि कधीकधी जीवही ती वाचवते.

एकच टक्का, वेगळं बिल

आता मुख्य मुद्दा. हे सोडवून दाखवल्यावर त्या वडिलांचा चेहरा बदलला होता, म्हणून इथेही पायरी-पायरीने मांडतो. आकडे मी सोयीसाठी मानलेले आहेत.

समजा १०० कॅडेट आहेत आणि प्रशिक्षणाचे तीन टप्पे. पहिल्या टप्प्याचा खर्च माणशी १ रुपया, दुसऱ्याचा ३, तिसऱ्याचा ९. सगळे १०० पास झाले तर एकूण खर्च १,३०० आणि एका वैमानिकामागे १३ रुपये.

आता समजा २० जण गळणार आहेत आणि ते पहिल्या टप्प्याच्या शेवटी गळले. पहिल्या टप्प्याचे १०० रुपये, मग ८० जणांचे २४० आणि ७२०. एकूण १,०६०. ते ८० वैमानिकांवर वाटले की प्रत्येकी १३ रुपये २५ पैसे. म्हणजे वीस मुलं गेली तरी खर्च पाव रुपयानेच वाढला.

तेच २० जण तिसऱ्या टप्प्याच्या शेवटी गळले तर? १,३०० रुपये खर्च होऊन गेले, आणि वैमानिक ८०. प्रत्येकी १६ रुपये २५ पैसे.

दोन्ही वेळा यशाचं प्रमाण ८० टक्केच आहे. पण बिलात माणशी तीन रुपयांचा फरक पडला. म्हणून "किती टक्के पास होतात" एवढं विचारून भागत नाही, "गळले ते कुठे गळले" हे विचारावं लागतं. कडक निवड आणि उड्डाणाच्या पहिल्या काही महिन्यांतली कडक तपासणी यांमागे हाच हिशेब आहे.

दुंडीगलला काय होतं

एनडीएची तीन वर्षं खडकवासल्याला काढली की हवाई दलाचा कॅडेट हैदराबादजवळच्या दुंडीगलच्या हवाई दल अकादमीत जातो. पदवीनंतर एएफकॅट ही हवाई दलाची प्रवेश परीक्षा देऊन आलेली मुलंमुलीही इथेच येतात. त्यांचं उड्डाण आणि तांत्रिक शाखेचं प्रशिक्षण साधारण ६२ आठवड्यांचं, तर बिगरतांत्रिक शाखांचं ५२ आठवड्यांचं असतं.

उड्डाण सुरू होतं पिलाटस या स्विस बनावटीच्या छोट्या विमानावर. शेजारी इन्स्ट्रक्टर नव्हे, मागच्या सीटवर इन्स्ट्रक्टर. प्रत्येक उड्डाणाला सॉर्टी म्हणतात आणि प्रत्येक सॉर्टीला गुण असतात. ठरलेल्या सॉर्टींमध्ये मुलगा एकट्याने विमान उडवण्याइतका, म्हणजे सोलोला, तयार व्हायला हवा. मागे पडला तर मोजक्या जादा सॉर्टी मिळतात. तरीही जमलं नाही तर दुसरा, वरिष्ठ इन्स्ट्रक्टर तपासणी घेतो, आणि मग मंडळ निर्णय देतं. सस्पेंड हा शब्द तिथे याच अर्थाने वापरतात: उड्डाण थांबवलं.

मेडिकलच्या मुलाचा विषय राहिला तर तो काही महिन्यांनी पुन्हा बसतो. इथे तसं नाही, कारण पुन्हा बसायचं म्हणजे पुन्हा विमान, पुन्हा इंधन, पुन्हा इन्स्ट्रक्टर. आणि हळू शिकणाऱ्या मुलाची पुढच्या टप्प्यात गाठ पडते ती जास्त वेगाशी. पिलाटसनंतर वाटा फुटतात. हेलिकॉप्टरवाले हकीमपेटला जातात, मालवाहू विमानवाले येलहंक्याला, आणि लढाऊ विमानाची मुलं पुढे बिदरला हॉक या जेटवर पोहोचतात.

हॉकची एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. शिकाऊ विमानावरून थेट मिग या लढाऊ विमानावर जाणाऱ्या तरुण वैमानिकांचे अपघात होत होते. मधली पायरी म्हणून प्रगत जेट प्रशिक्षण विमान हवं, अशी शिफारस ला फाँतेन समितीने १९८२ मध्ये केली. करार झाला मार्च २००४ मध्ये, ६६ विमानांचा. ती बिदरला रीतसर दाखल झाली २००८ मध्ये. शिफारशीपासून २६ वर्षं. प्रशिक्षणाच्या खर्चात काटकसर केली की ती दुसऱ्या कोणाच्या तरी घरी भरावी लागते, असं मला ही तारीख वाचताना दर वेळी वाटतं.

मग आकडा किती?

एका संशोधनाचे आकडे इथे कामाला येतात. अमेरिकेतल्या रँड या संस्थेने २०१९ मध्ये तिथल्या हवाई दलाचा हिशेब मांडला. एफ-१६ या लढाऊ विमानाचा वैमानिक स्क्वाड्रनमध्ये, म्हणजे प्रत्यक्ष तुकडीत, जायला तयार होईपर्यंत ५६ लाख डॉलर, एफ-२२ या लढाऊ विमानाचा १ कोटी ९ लाख डॉलर, आणि सी-१७ या अवाढव्य मालवाहू विमानाचा फक्त ११ लाख डॉलर. डॉलर ७० रुपयांचा धरला तर अनुक्रमे सुमारे ३९ कोटी, ७६ कोटी आणि पावणेआठ कोटी.

विमान केवढं, यापेक्षा ते उडवायला शिकण्यासाठी आभाळात किती तास लागतात आणि त्यातला एक तास कितीला पडतो, यावर सगळं ठरतं. लढाऊ विमानाचा तास महाग, आणि बरंचसं शिक्षण खऱ्या विमानातच घ्यावं लागतं. मालवाहू विमानाचं पुष्कळसं शिक्षण सिम्युलेटरवर उरकतं.

हे डॉलर आपल्याकडे जसेच्या तसे लावू नका. पगार वेगळे, विमानं वेगळी, हिशेब धरण्याची रीत वेगळी. पण खर्चाची जातकुळी तीच. आपल्याकडचे जाहीर आकडे घेऊ. २०१२ मध्ये ७५ पिलाटस सुमारे २,९०० कोटींना घेतली, म्हणजे विमानामागे ३८-३९ कोटी. मार्च २०२३ मध्ये एचएएल या सरकारी विमान कंपनीच्या ७० एचटीटी-४० प्रशिक्षण विमानांना ६,८२८ कोटींची मंजुरी मिळाली, म्हणजे सुट्या साधनांसह आणि सिम्युलेटरसह विमानामागे ९७-९८ कोटी. अर्थात एक विमान एका कॅडेटवर खर्ची पडत नाही. ते वर्षानुवर्षं शेकडो मुलं शिकवतं, म्हणून किंमत त्याच्या सगळ्या उड्डाण-तासांवर वाटायची असते.

याच्या तुलनेत कॅडेटच्या हातात काय पडतं? प्रशिक्षणाच्या शेवटच्या वर्षी महिन्याला ५६,१०० रुपये विद्यावेतन. वर्षाचे झाले ६,७३,२००. लोकांना वाटतं की खर्च मुलांच्या खाण्यापिण्यावर आणि पगारावर होतो, पण विमानाच्या बिलापुढे तो फारच किरकोळ आहे.

बराचसा खर्च तर मुलं किती यावर अवलंबूनच नसतो. झेडपीच्या शाळेत पटावर ६० पोरं असोत की २०, गुरुजींचा पगार आणि शाळेचं छप्पर तेवढंच लागतं. दुंडीगलची धावपट्टी, रडार, अग्निशामक गाड्या, हवामान कार्यालय यांचं तसंच आहे. शिवाय एक खर्च कोणत्याच तक्त्यात ठळक दिसत नाही, तो इन्स्ट्रक्टरचा. तो मुरलेला वैमानिक असतो, स्क्वाड्रनमधून काढून चेन्नईजवळच्या तांबरमला शिकवण्याचं खास शिक्षण देऊन इथे आणलेला. तो इथे जितकी वर्षं शिकवतो तितकी वर्षं सीमेवरच्या स्क्वाड्रनला त्याच्याविना काढावी लागतात.

यात नागपूर कुठे?

नागपूरच्या लोकांना मी हे आवर्जून सांगतो, कारण वायुसेनानगरच्या कुंपणाआत काय चालतं याची बाहेर फारशी कल्पना नसते. नाशिकजवळच्या ओझरपासून कानपूर-चंडीगडपर्यंतचे हवाई दलाचे दुरुस्ती डेपो याच मेंटेनन्स कमांडच्या हाताखाली येतात. विमान वेळेवर दुरुस्त होऊन उडालं तर कॅडेटच्या सॉर्टी वेळेत होतात. विमान जमिनीवर राहिलं तर कॅडेटही जमिनीवर.

२००९ मध्ये नेमकं हेच झालं. एचपीटी-३२ या जुन्या प्रशिक्षण विमानाच्या अपघातात जुलैमध्ये दोन वैमानिक गेले आणि सगळा ताफा थांबवावा लागला. पहिल्या टप्प्याची मुलं मग किरण जेटवर शिकवावी लागली, जे खरं तर पुढच्या टप्प्याचं विमान. पिलाटस यायला २०१३ उजाडलं. डिसेंबर २०२४ मध्ये संसदेत मांडलेल्या कॅगच्या अहवालात याचा पुढचा भाग सापडतो: फेब्रुवारी २०१५ मध्ये ४८६ वैमानिक कमी होते, २०२१ च्या शेवटी ५९६ कमी होते. २०१६ ते २०२१ दरम्यान दर वर्षी २२२ शिकाऊ वैमानिक घ्यायचं ठरलं होतं, तेवढे घेता आले नाहीत.

म्हणजे एकीकडे पावणेसहा लाख अर्ज आणि दुसरीकडे वैमानिकांचा तुटवडा. या दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतात, कारण शिकवायला विमानं, इन्स्ट्रक्टर आणि धावपट्ट्या किती आहेत त्याबाहेर मुलं घेता येत नाहीत. एखाद्या मुलाची निवड झाली नाही म्हणजे देशाला त्याची गरज नव्हती, असं त्याने समजू नये.

जे गळतात त्यांचं काय

वडिलांनी शेवटी खालच्या आवाजात विचारलं, "जमलं नाही त आमच्याकून पैसे वसूल करतील काय?" ही भीती मी अनेक घरांत पाहिली आहे. पालकांना करारावर सही करावी लागते हे खरं. पण तो करार स्वतःहून सोडून जाणाऱ्या किंवा खोटी माहिती देणाऱ्या मुलासाठी आहे. मनापासून शिकूनही उड्डाण जमलं नाही, तर तो गुन्हा धरला जात नाही. जागा आणि पात्रता असेल तर त्याला जमिनीवरच्या शाखेत घेतात, आणि त्याच्या खांद्यावरही तोच अधिकाऱ्याचा पट्टा चढतो.

खरा काळजीचा गट दुसरा आहे. प्रशिक्षणात जबर दुखापत होऊन घरी पाठवलेली मुलं. कमिशन, म्हणजे अधिकारीपद, मिळण्याआधीच बाहेर पडल्यामुळे ती माजी सैनिक ठरत नाहीत आणि पेन्शनलाही पात्र होत नाहीत. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या मुलांची स्वतःहून दखल घेतली आणि त्याच महिन्याच्या अखेरीस त्यांना माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेत सामावून घेतलं गेलं. माझ्या मते हे फार उशिरा झालं, आणि अजून पुरेसं झालेलं नाही. एका वैमानिकाचा खर्च मांडताना या मुलांच्या आयुष्यभराच्या उपचारांचा रकाना त्यात असायलाच हवा.

घरून निघण्याआधी

कुटुंबाचा स्वतःचा खर्च त्या मानाने कमी आहे. एनडीएच्या अर्जाला १०० रुपये, मुलींना तेही नाहीत. शिक्षण, राहणं, जेवण सरकारचं. सिलेक्शन बोर्डाला पहिल्यांदा जाणाऱ्याला रेल्वेभाडंही मिळतं. छत्रपती संभाजीनगरला राज्य सरकारची सैनिकी सेवा पूर्व शिक्षण संस्था १९७७ पासून आहे, मुलींसाठी नाशिकला २०२३ मध्ये सुरू झाली. एनडीएतून ३० मे २०२५ ला मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली, सतरा जणी. मोठा खर्च होतो तो खासगी क्लासच्या फीमध्ये, आणि तिथेही चाळणी आधी लावता येते.

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक उंच, हुशार मुलगा होता. दोन वर्षं क्लासची फी भरली, लेखी पास झाला, सिलेक्शन बोर्डही पास झाला. वैद्यकीय तपासणीत मांडीची लांबी जास्त भरली. वैमानिकासाठी ती ६४ सेंटीमीटरपेक्षा जास्त चालत नाही, कारण संकटात सीटसकट बाहेर फेकलं जाताना गुडघे समोरच्या पॅनेलवर आपटतात. उंची किमान १६२.५ सेंटीमीटर, बसलेली उंची ८१.५ ते ९६, पायाची लांबी ९९ ते १२०, हे सगळं आधीच ठरलेलं असतं. त्याला किंवा मला कोणालाच ते वेळेवर सुचलं नाही. तो पुढे तांत्रिक शाखेत गेला आणि तिथे रमला, पण ती दोन वर्षं तो मनाने कॉकपिटमध्ये बसला होता.

त्या संध्याकाळी फुटाळ्यावरून परतताना वडिलांनी मुलाला सोबत घेतलं आणि आम्ही तिघं माझ्या वर्गात गेलो. आता तिथल्या भिंतीला एक मोजपट्टी चिकटवलेली असते आणि खाली एक लाकडी स्टूल. मुलाला त्यावर पाठ भिंतीला टेकवून बसवलं. मांडी भरली ६१.

"चालते," मी म्हटलं, आणि त्याने वही उघडली.